नॉर्टन सेंट फिलिप येथील 'जॉर्ज इन'

इंग्लंडमधील ग्रामीण 'पब'विषयी मराठीत लिहावयाचे झाल्यास 'गुत्ता' हा शब्द सहज पुढे येतो. परंतु तो दिशाभूल करणारा आहे. 'इन', 'टॅव्हर्न' आणि 'एलहाऊस' या तीन संस्था तेथे पूर्वी भिन्न मानल्या जात. एलहाऊसमध्ये बिअर व टॅव्हर्नमध्ये द्राक्षमद्य मिळे. इनचा मुख्य धर्म मात्र वाटसरूस अन्न व शय्या आणि त्याच्या घोड्यास तबेला पुरविणे हा होता. जागा असताना व प्रवासी खर्च देण्यास सिद्ध असताना त्यास विनाकारण परत पाठविण्याची मुभा इनच्या चालकास इंग्लंडच्या रूढ विधीने दिलेली नव्हती. पाहुण्याची चीजवस्तू चोरीस गेल्यास तिचे उत्तरदायित्वही सामान्यतः त्याच्यावरच पडे. कालांतराने या संस्थांतील सीमारेषा पुसट होत गेल्या व 'पब' हे एकच नाव तिन्हींस लागू लागले.

सॉमरसेट परगण्यात, बाथच्या दक्षिणेस असलेल्या नॉर्टन सेंट फिलिप या गावातील 'जॉर्ज' ही यांपैकी अस्सल 'इन' होय. हिंटन येथील कार्थुसियन मठाने चौदाव्या शतकाच्या सुमारास ती उभारली. धार्मिक वृत्तीच्या मौनव्रती साधूंनी पांथगृह का बांधावे, या प्रश्नाचे उत्तर लोकरीत आहे. गावात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून लोकरीची वार्षिक जत्रा भरत असे. तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांस निवारा व मठाच्या मालास कोठार, अशी दुहेरी सोय या एका वास्तूने साधली. तळमजला दगडी आहे. त्यावरील लाकडी चौकटीचे दोन मजले पंधराव्या शतकातील. रस्त्यावरील कमानीतून आत जाताच चौक लागतो, आणि त्याच्या बाजूस लाकडी सज्जा दिसतो. आज पबचे लक्षण समजला जाणारा विक्रीचा कट्टा मात्र अशा घरांत बराच उशिरा, प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात आला. तत्पूर्वी बिअर तळघरातून भांड्यांत भरून बैठकीपर्यंत आणीत.

१५३९ मध्ये मठ विसर्जित झाला, तरी इन चालूच राहिली. दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स याने १२ जून १६६८ रोजी गावात भोजन केले. ते याच घरात झाले असे परंपरेने मानतात. १६८५ च्या जूनमध्ये राजद्रोही ड्यूक ऑफ मन्मथ याच्या सैन्याचा तळ येथे पडला व गावात चकमक झाली. सेजमूरच्या पराभवानंतर बंडखोरांपैकी बारा जणांस याच गावात देहान्त शासन देण्यात आले.

जत्रा १९०२ मध्ये बंद पडली. ज्या प्रयोजनासाठी घर बांधले ते अशा रीतीने पूर्णतः संपले. उरले ते आतिथ्य. संरक्षित वास्तूंच्या सूचीत 'जॉर्ज'ला पहिल्या श्रेणीचे स्थान आहे. तथापि असे संरक्षण मुख्यतः भिंती, छप्पर व तुळया यांना लाभते. व्यवसाय चालू ठेवण्याची सक्ती त्यातून होत नाही. इंग्लंडमधील अनेक गावांतील पब अलीकडच्या दशकांत बंद पडून त्यांची खासगी घरे झाली, ती याच फटीतून. २०११ च्या स्थानिक स्वायत्तता अधिनियमाने गावकऱ्यांना असा पब 'सामाजिक मूल्याची मालमत्ता' म्हणून नोंदवून घेण्याचा, आणि तो विक्रीस निघाल्यास पैसा उभा करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागण्याचा हक्क दिला. तो गावकऱ्यांनाच विकण्याचे बंधन मात्र मालकावर घातलेले नाही.