बेपत्ता व्यक्ती, अफवा आणि सीमावर्ती समाज

मृत्यू कितीही दुःखद असला, तरी त्याला सामोरे जाण्याचे विधी प्रत्येक समाजाजवळ असतात. माणूस नाहीसा झाला म्हणजे मात्र असा कोणताही विधी उपयोगी पडत नाही. शोक करावा तर आशा सुटत नाही आणि आशा धरावी तर मन शंकेने पोखरले जाते. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने या अवस्थेचे ‘संदिग्ध वियोग’ असे वर्णन केले आहे. ही अवस्था केवळ कुटुंबापुरती राहत नाही; ती गावाचीही होते.

पालघर जिल्ह्यातील शिवसेनेचे पदाधिकारी अशोक धोडी हे 20 जानेवारी 2025 रोजी डहाणूहून तलासरी तालुक्यातील वेवजी येथे घरी परतत असता नाहीसे झाले. 31 जानेवारी रोजी गुजरातमधील सरीगामजवळच्या, पाण्याने भरलेल्या दगडखाणीतून त्यांची मोटार बाहेर काढण्यात आली व तीत त्यांचा मृतदेह मिळाला. मधले 11 दिवस परिसराने केवळ तर्कावर काढले. कौटुंबिक वैमनस्य व अवैध दारूची वाहतूक यांच्याशी या हत्येचा संबंध असल्याचे पोलिसांकडून सांगण्यात आले.

या घटनेस भूगोलाची पार्श्वभूमी आहे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि दमणमध्ये दारूविक्रीस मुभा आहे. महाराष्ट्राची सीमा या दोन्ही प्रदेशांपासून दूर नाही. त्यामुळे या पट्ट्यात चोरट्या व्यापारास वाव मिळतो. नातेसंबंध, बाजार व मजुरी यांच्या दृष्टीने लोकांना ही सीमा जाणवतही नाही. तपासयंत्रणेला मात्र ती जाणवते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. परंतु नोंद व प्रत्यक्ष शोध यांत अंतर राहतेच.

दुसरी अडचण नोंदीच्या स्वरूपाची आहे. हरवलेल्या बालकाच्या बाबतीत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिला. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत असे गृहीतक नाही, कारण प्रौढास स्वेच्छेने घर सोडण्याचे स्वातंत्र्य आहे. हे तत्त्व योग्यच होय. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की ज्या काळात पुरावे ताजे असतात, नेमक्या त्याच काळात प्रकरण ‘बेपत्ता’ या सौम्य सदराखाली राहू शकते. नातेवाइकांना घातपाताची शंका येत असते आणि कागदावर तिला स्थान नसते.

ही पोकळी अफवा भरून काढते. ऑलपोर्ट व पोस्टमन यांनी 1947 साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार अफवेचे बळ हे विषयाचे महत्त्व व माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारासारखे असते. दोहोंपैकी एक शून्य झाले, की अफवाही शून्य होते. 16 एप्रिल 2020 रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने तिघा प्रवाशांची हत्या केली. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा तत्पूर्वी या भागात पसरल्या होत्या आणि टाळेबंदीमुळे वाटा बंद होत्या. दोन्ही घटनांचे स्वरूप सर्वस्वी भिन्न आहे. तथापि, मुले नाहीशी होण्याच्या नुसत्या भीतीनेही निरपराधांचा बळी जाऊ शकतो, हे या दुसऱ्या घटनेतून दिसते.

गुणाकाराच्या या नियमातच उपायाची दिशा आहे. माणसाच्या जिवाचे महत्त्व कमी करता येत नाही व करूही नये. कमी करता येते ती संदिग्धता. तपासाला बाध न येईल इतकी माहिती ठरावीक वेळी कुटुंबास व ग्रामसभेस देणे, सीमेपलीकडील पोलीस ठाण्यास पहिल्याच दिवशी कळविणे आणि नातेवाइकांच्या संशयाची लेखी दखल घेणे, ही कामे साधी आहेत. त्यांनी गेलेला जीव परत येत नाही. परंतु कुटुंबाचा प्रतीक्षाकाळ कमी होतो आणि संशयाच्या भरात आणखी एखादा जीव जाण्याचा धोका टळतो.