पत्र्याखालचं घर

मे महिन्यातला रविवार होता. सकाळी सव्वाआठला चहाचा कप घेऊन मी मागच्या गॅलरीचं दार उघडलं आणि डोक्यावर ‘खाड्’ असा आवाज झाला. पाठोपाठ राखाडी भुकटी खाली आली आणि दोरीवर वाळत घातलेल्या लेकीच्या फ्रॉकवर बसली. वर पत्रे काढायचं काम सुरू झालं होतं, तेही हातोड्याने.

“थांबा, थांबा!” मी इतक्या जोरात ओरडलो की खालून घरमालक काका धावत वर आले. शिडीवर एक तरुण मजूर होता. तोंडाला फडकंसुद्धा नाही. खाली त्याची बायको फुटलेले तुकडे घमेल्यात भरत होती आणि जिन्याच्या पायरीवर त्यांचं दोन-अडीच वर्षांचं पोर बिस्किट खात बसलं होतं. दोघं दाहोदकडची, वडोदऱ्यात मजुरीला आलेली.

आम्ही दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर तीन वर्षांपासून भाड्याने राहतो. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि धुण्याची गॅलरी. या मागच्या भागावर सात सिमेंटचे पत्रे. काका मंडळातल्या ओळखीचे, भाडं परवडणारं, लेकीची शाळा जवळ. पत्र्यांकडे घर घेताना मी पाहिलंही नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ओट्यावर पाणी गळायला लागलं तेव्हा मीच काकांच्या मागे लागलो होतो. “पावसाआधी बदलून देतो,” असं ते म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला. म्हणजे त्या सकाळचं निमित्त मीच होतो.

मग मी ओरडलो का? त्याचं कारण इंग्लंडमधलं. कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष लीड्सला होतो. तिथे भाड्याच्या फ्लॅटची किल्ली देताना एजंटने एक कागद हाती ठेवला होता: छताच्या खडबडीत लेपात ॲसबेस्टॉस असू शकतं, तेव्हा छताला भोक पाडू नका, घासू नका, काही टांगायचं असेल तर आधी कळवा. मला हसू आलं होतं. आपण लहानपणी ज्या पत्र्यांच्या शाळेत बसलो, ज्यांच्यावरचा पतंग काढायला चढलो, त्याला हे लोक इतके घाबरतात? कुतूहलाने वाचत गेलो आणि हसू मावळलं. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, तरी जुन्या इमारतींत ते अजून आहे. म्हणून तो कागद.

पत्र्यात असतं काय?

ॲसबेस्टॉस हे जमिनीतून निघणारं तंतुमय खनिज. जळत नाही, कुजत नाही, स्वस्त पडतं. सिमेंटमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मिसळलं की पातळ पत्राही टणक होतो. आपण ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो तो बहुतेक वेळा हाच.

पत्रा धड असेल तोवर तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. त्याच्याखाली नुसतं राहण्याने होणारा धोका फार कमी. पण पत्रा फोडला, कापला, ड्रिलने भोक पाडलं, तारेच्या ब्रशने शेवाळ घासलं, की तंतू सुटतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत बराच वेळ तरंगतात. श्वासाबरोबर फुप्फुसात खोल गेलेले तंतू तिथेच राहतात. त्यातून ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार होऊ शकतात, तेही वीस, तीस, चाळीस वर्षांनी. सिगारेट ओढणाऱ्याचा कर्करोगाचा धोका तर कित्येक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲसबेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत.

आपल्याकडे खाणींचे नवे पट्टे देणं १९८६ मध्ये थांबलं आणि १९९३ मध्ये जुन्यांचं नूतनीकरणही. पण बाहेरून, मुख्यतः रशियातून, ॲसबेस्टॉस आणून पत्रे बनवणं आणि विकणं चालूच आहे. त्यामुळे ‘नवा पत्रा आहे, म्हणजे त्यात नसेल’ असं धरून चालत नाही. नुसतं बघून कळत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणून उलट धरावं: राखाडी, नालीदार सिमेंटचा पत्रा दिसला की ‘आहे’ असंच समजावं.

त्या दिवशी काय केलं

काम थांबवलं. काका वैतागले. “अरे, तीस वर्षं आम्ही याच पत्र्याखाली राहिलो. काय झालं आम्हाला?” मजुराचा प्रश्न त्याहून साधा होता: आजच्या रोजाचं काय? दोघांचा दिवसाचा रोज मी दिला. एक पत्रा फुटला होता, दुसऱ्याला तडा गेला होता.

लेक आणि आई पुढच्या खोलीत होत्या; मधलं दार बंद केलं, पंखे बंद केले. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्हींना हात लावला नाही, कारण दोन्हींनी धूळ परत हवेत उडते. तुकड्यांवर फवारणीच्या बाटलीने पाणी मारलं, एन-९५ मास्क लावून ते जाड प्लास्टिकमध्ये बांधले, फरशी ओल्या फडक्यांनी पुसली आणि फडकीही त्याच पिशवीत टाकली. लेकीचा फ्रॉक धुऊन वापरता आला असता, पण बायकोने तो पिशवीत टाकला. मी काही बोललो नाही.

रात्री झोप आली नाही. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, धोका किती तंतू आणि किती वर्षं श्वासात गेले त्यावर वाढत जातो. एका सकाळच्या धुळीने मुलीच्या बाबतीत घाबरून जाऊ नकोस, पण पुन्हा होऊ देऊ नकोस. मला हायसं वाटलं. आणि मग तो मजूर आठवला. त्याचं काय? तो वर्षात असे किती पत्रे फोडत असेल?

काकांशी बोलणी

भाडेकरूने घरमालकाला शिकवायचं म्हणजे नाजूक काम. मी कायदा आधी वाचून ठेवला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ सांगतं की घराच्या वापरावर परिणाम करणारा जो दोष मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला नाही, तो मालकाने सांगायला हवा. आणि जी दुरुस्ती मालकाने करायची ती त्याने कळवूनही वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण काकांसमोर मी हे कलम काढलंच नाही. खरं तर दोष त्यांनाही माहीत नव्हता. संध्याकाळी काकूंच्या हातचा चहा पिताना मी एवढंच म्हटलं, “काका, तुम्हाला तीस वर्षांत काही झालं नाही कारण तीस वर्षांत कुणी पत्रा फोडला नाही. आता आपण फोडतोय.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, “खर्च किती वाढेल?” निम्मा मी देईन म्हटलं. तिथे गाठ सुटली.

धड पत्रे तसेच ठेवून रंगाचा जाड थर देणं हाही एक मार्ग असतो, आणि पत्रे चांगले असतील तर तोच बरा. आमचे तडकलेले होते, गळत होते, म्हणून काढायचं ठरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच जोडप्याला बोलावलं. यावेळी पत्रे आधी पाण्याने भिजवले. गंजलेले हुक-बोल्ट ग्राइंडरने न कापता पाना लावून आणि कटरने तोडून काढले. पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, हे आधीच बजावलं होतं. जुना पत्रा माणसाच्या वजनाने मोडतो आणि खाली पडून जीव जातात. फळीवर उभं राहून एकेक पत्रा अख्खा उतरवला. बायको आणि पोर त्या दिवशी खाली काकूंकडे होती. मास्क लावून वडोदऱ्याच्या उकाड्यात काम करणं सोपं नाही; तो दर दहा मिनिटांनी तो खाली ओढायचा आणि मी दर दहा मिनिटांनी तो वर करायला सांगायचो. अख्खे पत्रे दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर लाल रंगाने ‘ॲसबेस्टॉस – फोडू नका’ असं मराठीत आणि गुजरातीत लिहिलं. वर आता रंगीत लोखंडी पत्रे आहेत. तापतात जास्त, पावसात आवाज करतात, पण भोक पाडता येतं.

“आ पतरां मने आपी दो ने”

काम संपल्यावर पैसे मोजून घेताना तो म्हणाला, “साहेब, आ पतरां मने आपी दो ने.” टाकायचेच आहेत तर मला द्या. पाच तर धड आहेत. गावी घराची एक बाजू उघडी आहे.

मी त्याला सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, गावचं बाकीचं घर याच पत्र्यांचं आहे. मग ते पण काढू का?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. धड पत्र्याखाली राहण्यात फारसा धोका नाही, हे मीच काकांना सांगितलं होतं. पण हेच पत्रे तिथे नेताना, कापून बसवताना, भोकं पाडताना पुन्हा धूळ उडणार, आणि ती त्याच्या पोरापुढे. मी नाही म्हटलं. काका आत गेले आणि दोन नव्या लोखंडी पत्र्यांचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. ते मी सुचवलं नव्हतं.

अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निकाल दिला होता: ॲसबेस्टॉस कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांपैकी जे उशिरा असेल तोवर ठेवायची. चाळीस वर्षं एवढ्यासाठी, की आजार तितका उशिरा दिसतो. शिडीवरच्या या तरुणाची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही. त्याच्या फुप्फुसांची काळजी घेणारं त्या दिवशी कुणी असेल, तर ते त्याला कामाला बोलावणारं घर.

आणि ते गुंडाळलेले पत्रे? एका कार्यालयात सांगितलं, हा घातक कचरा आहे, आमच्या गाडीत चालणार नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, घातक कचऱ्याची जागा कारखान्यांसाठी असते, तुमचे सातच पत्रे आहेत. एका भंगारवाल्याने मात्र लगेच “फुकट नेतो” म्हटलं. तो ते कुठे नेणार हे कळत होतं, म्हणून नको म्हटलं. हे लिहीत असताना ते गाठोडं जिन्याखाली उभं आहे. आपल्या वाचकांपैकी कुणी रासायनिक कारखान्यात असा कचरा रीतसर पाठवण्याचं काम पाहत असेल, तर मंडळामार्फत जरूर कळवा. मागच्या आठवड्यात काकांनी त्या गाठोड्यासमोर स्वतःची जुनी स्कूटर आडवी लावून ठेवली आहे. कुणी हात लावू नये म्हणून.