घरून मतदान : आधी नमुना १२ डी

अमेरिकेत टपाली मतपत्रिकेचा अर्ज कसा मिळवायचा, याचा कायदा राज्यागणिक बदलतो. आपल्याकडे गडचिरोली असो वा मुंबई, नियम एकच : निवडणूक संचालन नियम, १९६१.

टपाली मतपत्रिकेवर घरून मतदानाची सोय ८५ वर्षांवरच्यांना (मार्च २०२४ पूर्वी ही अट ८० होती) आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना आहे. अर्जासाठी तहसील गाठावी लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारीच (बीएलओ) अर्जाचा नमुना १२ डी घरी आणून देतात. खरी मेख मुदतीत आहे. निवडणुकीच्या अधिसूचनेपासून फक्त पाच दिवस! गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघाची अधिसूचना २० मार्च २०२४ला निघाली, मतदान १९ एप्रिलला झालं. म्हणजे जवळपास महिनाभर आधीच ठरवायचं. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) लागतं, मग केंद्रावर मत देता येत नाही.

पथक घरी येतं ते मतपत्रिका, लिफाफे, आडोसा आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन. मतदार भेटला नाही तर आणखी एकच फेरी. गडचिरोलीतल्या त्या निवडणुकीत दोन वृद्धांच्या मतांसाठी पथकाने अहेरीहून सिरोंचापर्यंत १०७ किलोमीटर गाठले. त्यातले एक शंभरीचे होते.