विश्लेषण : पितळी शमादान खरेच जुने आहे का, कसे ओळखाल?

मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीट असो किंवा मोबाइलवरची एखादी विक्रीची साइट, 'ब्रिटिशकालीन पितळी शमादान' अशी ओळ नजरेस पडतेच. मेणबत्तीच्या या स्टँडसाठी हजारो रुपये मोजण्याआधी काय तपासावे?

नवे-जुने यात गोंधळ का होतो?

उत्तर प्रदेशातील मुरादाबादमध्ये जुन्या घाटाची पितळी शमादाने आजही घडवली जातात आणि परदेशीही जातात. नवे शमादान घेण्यात गैर काही नाही. नुकसान होते ते नव्याला जुन्याचा भाव दिल्यावर.

पहिली तपासणी कोणती?

शमादान उलटे करा. १७व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये पोकळ दांडा दोन उभ्या भागांत ओतून जोडत. त्यात पितळ कमी लागे. अशा दांड्यावर तोंडाची वाफ सोडली, की समोरासमोर दोन बारीक उभ्या रेघा दिसू शकतात. १८व्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मागे पडली. त्यामुळे सांधा नाही म्हणजे माल नकली, असे नव्हे.

बैठकीखालीही पाहा. जुन्या नगांत दांड्याचे टोक बैठकीतून काढून ठोकून बसवलेले आढळते. तिथे चकचकीत नट असेल, तर विक्रेत्याला प्रश्न विचारा. तळातून वर ढकलायची, उरलेली मेणबत्ती बाहेर काढणारी दांडी असेल, तर नग बहुधा १९व्या शतकातला किंवा त्याची नक्कल.

शिक्क्यावर विश्वास ठेवावा?

जपून. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत डिझाइनवर शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का असे. १८८४पासून 'आर. डी.' क्रमांक आला. पण त्यावरून डिझाइन कधी नोंदले ते कळते. तो नग कधी ओतला, ते नाही. शिवाय ओतकामात शिक्क्याचीही नक्कल होते.

लोहचुंबक चिकटले, तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा असू शकतो. मात्र चिकटले नाही, एवढ्यावरून वय सिद्ध होत नाही. झीज बोलकी असते. हात लागतो तिथे आणि बैठकीच्या कडेला ती जास्त हवी. खाचाखोचांसह सगळीकडे सारखाच काळेपणा असेल, तर तो रसायनाने आणलेला असू शकतो.

घासून लख्ख करावे का?

घाई नको. चिंच-लिंबाच्या आम्लाने जुना रंग जातो. वारंवार घासल्याने नक्षी बोथट होते. साचलेले मेण सुरीने खरवडू नका. गरम पाण्याने ते मऊ करा आणि फडक्याने पुसा. विस्तवावर धरू नका, जुनी डाक सुटू शकते.

कायदा काय सांगतो?

१९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलीला आजीचे शमादान पाठवायचे असेल आणि वयाबद्दल शंका असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा.

घरातच सापडले तर?

किलोच्या भावाने मोडीत घालण्याआधी थांबा. जोडी असेल, तर ती फोडू नका. एकेकट्यापेक्षा जोडीला मान अधिक. कुणी, कधी आणले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. हे सांगणारे माणूस गेले, की वस्तू उरते, पण तिची हकीकत परत मिळत नाही.