शीतपेयांचे स्वाद : औषधाच्या कपाटातून बाटलीत

युरोपात काही ठिकाणी जमिनीतून बुडबुडे येणारे खनिजयुक्त पाणी वर येते. अपचन, संधिवात अशा दुखण्यांवर ते गुणकारी मानले जाई. तसे पाणी माणसाला बनवता येते, हे १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली याने दाखवले. इंग्लंडमधील लीड्स येथे त्याच्या घराशेजारी बिअर तयार होत असे. तिथल्या पिंपांवर साठणारा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्याने पाण्यात मिसळला. १७८३ मध्ये योहान जेकब श्वेप याने जिनिव्हात अशा पाण्याचा व्यवसाय सुरू केला.

हे पाणी औषधी समजले जात असल्याने अमेरिकेत ते औषधाच्या दुकानांत मिळू लागले. औषधविक्रेत्यांकडे साले, मुळ्या, बिया आणि सुगंधी तेले असतच. कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून त्यात साखरेचा पाक घालण्याची रीतही जुनी होती. तोच पाक या बुडबुड्यांच्या पाण्यात, म्हणजे सोड्यात, पडला आणि नवी पेये जन्मली.

फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स याने तिथे भरलेल्या १८७६ च्या प्रदर्शनात ‘रूट बिअर’ लोकांपुढे आणली. तिचा पारंपरिक स्वाद सॅसाफ्रस नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीचा. या सालीतील सॅफ्रोल प्राण्यांमध्ये कर्करोगाला कारण ठरते असे आढळल्यावर १९६० मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली. टॉनिक वॉटरमधला कडवटपणा सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनीनचा. हिवतापावरचे हे औषध आजही त्यात अल्प प्रमाणात असते, पण फक्त चवीपुरते.

अटलांटाच्या जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने १८८६ मध्ये कोका-कोला तयार केले. नावातले दोन्ही घटक वनस्पतींचे : दक्षिण अमेरिकेतील कोकाची पाने आणि पश्चिम आफ्रिकेतील कॅफिनयुक्त कोलाच्या बिया. कोकाच्या पानांतले कोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी पेयातून काढून टाकण्यात आले. कंपनीची नेमकी कृती गुप्त असली, तरी कोला प्रकारच्या पेयांचे ठोकळ सूत्र सर्वज्ञात आहे : लिंबू व संत्र्याच्या सालीची तेले, दालचिनी, जायफळ, धने आणि व्हॅनिला. यांतले बरेचसे जिन्नस मराठी स्वयंपाकघरात नित्याचे आहेत; पण एकत्र आल्यावर त्यांपैकी एकही वेगळा ओळखू येत नाही.

स्वाद खुलतो तो आम्लामुळे. लिंबू-संत्र्याच्या पेयांत सायट्रिक आम्ल, तर कोलात प्रामुख्याने फॉस्फोरिक आम्ल असते. कोलाचा तपकिरी रंग कॅरॅमलचा. जिभेला येणाऱ्या झिणझिण्या बुडबुडे फुटल्याने येतात असे वाटते. प्रत्यक्षात पाण्यात विरघळलेल्या वायूचे कार्बोनिक आम्ल बनते आणि त्याने त्या येतात. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो, म्हणून कोमट झालेले पेय मिळमिळीत लागते. लिंबू-संत्र्याच्या सालीचे तेल पाण्यावर तरंगते. ते मिसळून राहावे म्हणून डिंक वापरतात. पूर्वी यासाठी ब्रोमिनयुक्त वनस्पती तेलही घालत. भारतात त्यावर १९९० मध्ये, तर अमेरिकेत २०२४ मध्ये बंदी आली.

वायू बाटलीत कोंडून ठेवण्याचा प्रश्न हायरम कॉड याने १८७२ मध्ये सोडवला. त्याच्या बाटलीच्या गळ्यातली काचेची गोटी आतल्या दाबाने रबरी कडीवर घट्ट बसते. महाराष्ट्रात हीच ‘गोटी सोडा’ म्हणून रुजली. मुंबईत १८८९ मध्ये पांडोळे या पारशी कुटुंबाने ‘ड्यूक’ची पेये सुरू केली. रास्पबेरी सोडा तर इराणी हॉटेलांची ओळख बनला. १९७७ मध्ये कोका-कोला भारताबाहेर पडल्यावर पार्लेने ‘थम्स अप’ बाजारात आणले. त्याची चव परदेशी कोलापेक्षा तिखट आणि मसालेदार होती. १९९३ मध्ये परतलेल्या कोका-कोला कंपनीने हा ब्रँड विकत घेतला, पण त्याची वेगळी चव बाजारात कायम राहिली.