बंदी सरकारची, राखण वाचकांची

पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे काशीचे तीन घाट एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या पाठीमागील अरुंद गल्ल्यांत मराठी वस्ती पेशवाईपासून नांदत आली आहे. वेदपाठशाळा, जुने वाडे आणि शंभराहून अधिक वर्षांचा सार्वजनिक गणेशोत्सव ही या वस्तीची परिचित ओळख. काशीच्या मराठी माणसांचे आणखी एक कार्य मात्र महाराष्ट्राच्या फारसे स्मरणात नाही. सरकारला नको असलेला मजकूर वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे ते कार्य होय.

त्या कार्यातील सर्वांत ठळक नाव बाबूराव विष्णू पराडकर यांचे. १८८३ मध्ये काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले पराडकर पुढे हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ ठरले. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ लिहून ब्रिटिश राजवटीने केलेल्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडला. पराडकरांनी तो हिंदीत आणला. १९१० मध्ये सरकारने मूळ ग्रंथावर बंदी घातली. पण तोवर त्यातील विचार दोन भाषांत पसरला होता. १९३० च्या सत्याग्रहात वृत्तपत्रांविरुद्धच्या वटहुकुमापायी ‘आज’ हे दैनिक थांबवावे लागले, तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे भूमिगत पत्रक निघू लागले. त्यामागे पराडकर होते. असे पत्रक छापणाऱ्याच्या धैर्यावर जितके चालते, तितकेच ते दडवून ठेवणाऱ्या, वाचून पुढे देणाऱ्या गल्लीच्या मौनावरही चालते.

पराडकरांच्या काळात दडपण सरकारचे होते. स्वातंत्र्यानंतर त्याला जमावाची जोड मिळाली आणि त्याचा सर्वांत कटू अनुभव महाराष्ट्रानेच घेतला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुरावरून वादळ उठले. प्रकाशकाने २००३ मध्येच ते पुस्तक भारतातील बाजारातून मागे घेतले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते की छापले नव्हते. लेखकाने तेथील ग्रंथालयाचा उपयोग केला आणि ऋणनिर्देशात संस्थेचा व तेथील अभ्यासकांचा उल्लेख केला, एवढाच तिचा संबंध. नासधूस झाली ती दुर्मीळ ग्रंथांची आणि हस्तलिखितांची. त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. हल्ल्याच्या खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले.

बंदीचे पुढे काय झाले, हे अधिक बोधप्रद आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले ते लेखकाने नव्हे, प्रकाशकानेही नव्हे. संघराज रूपवते, चित्रपटकार आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला या नागरिकांनी ते दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदीची अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पुस्तकातील प्रतिपादन मान्य असण्याचा येथे प्रश्नच नव्हता. चुकीच्या विधानाचा प्रतिवाद पुराव्याने करता येतो, हा मुद्दा होता.

म्हणजे सरकारी बंदीला कायद्यात उत्तर आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ प्रमाणे पुस्तक जप्त करण्याचा अधिकार राज्य सरकारांना होता. १ जुलै २०२४ पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने याच कलमान्वये एका आदेशात २५ पुस्तके जप्त ठरविली. परंतु अशा आदेशाला कारणे नमूद करावी लागतात आणि हितसंबंध असलेल्या व्यक्तीला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. जमावाच्या भयाने ग्रंथपालाने कपाटातून गुपचूप काढून टाकलेल्या पुस्तकासाठी मात्र असा मार्ग नाही. तेथे अधिसूचना नसते, तारीख नसते आणि म्हणून दादही मागता येत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांचा खरा धोका या अदृश्य बंदीत आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळाले. ती चालविली मात्र स्थानिक संस्थांनी. स्वतंत्र ग्रंथालय-कर नसल्याने या संस्था सरकारी अनुदानावर अवलंबून आहेत. वार्षिक सभेला सभासद फिरकत नसतील, तर ग्रंथनिवडीवरील दडपण एकट्या ग्रंथपालाला किंवा दोन-चार पदाधिकाऱ्यांना सोसावे लागते. त्यांनी माघार घेतली, तर दोष केवळ त्यांच्याकडे जात नाही.

काशीचा अनुभव याला दुजोरा देतो. विश्वनाथ मंदिराजवळ १८७२ मध्ये स्थापन झालेल्या कार्मायकेल ग्रंथालयाची जुनी इमारत मंदिर-मार्गिकेच्या कामात पाडली गेली. तेथे कोणत्याही पुस्तकावर बंदी नव्हती. कारण विकासाचे होते. तरीही शहराच्या मध्यवस्तीतील वाचनाची एक जागा गेली. ती जागा आपली आहे असे म्हणणारा वाचकवर्ग मोठा आणि संघटित असता, तर निदान तिच्यासाठी पर्यायी जागेचा प्रश्न शहराच्या चर्चेत अग्रभागी राहिला असता.

ब्रह्मा घाटापासून मैदागिनकडे चालत गेले की पराडकरांच्या नावाचे स्मृतिभवन लागते. पत्रकारांनी आपल्या पूर्वसुरीचे नाव जपले, हे उचितच झाले. पण त्या वारशाची कसोटी स्मारकात नसून वाचनालयाच्या सभासद-नोंदवहीत आहे. वार्षिक सभेला उपस्थित राहणे, खरेदी झालेल्या आणि काढून टाकलेल्या ग्रंथांची यादी मागणे, कार्यकारिणीची निवडणूक लढविणे, ही कामे रणभेरीइतकी रोमहर्षक नाहीत. तथापि, उद्या जमाव दाराशी आला, तर ग्रंथपालाच्या मागे कितीजण उभे राहतील, हे या नोंदवहीवरूनच ठरणार आहे.