विज्ञान आणि खेळ प्रश्नमंजूषा : प्रश्न विचारण्याआधी पारखून घ्या



ऑगस्ट महिन्यात दोन दिवस अगदी जवळजवळ येतात. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन. २०२३ साली याच दिवशी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन, म्हणजे हॉकीपटू मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. या मधल्या आठवड्यात शाळेत विज्ञान आणि खेळ यांची मिळून एक मैत्रीपूर्ण प्रश्नमंजूषा घेता येते. गणपती लवकर आले तर सुट्टी लागायच्या आत ती उरकून घ्यावी लागते, एवढंच.

स्पर्धा घेणं अवघड नाही. प्रश्न काढणं अवघड आहे. आपण सामान्यज्ञानाचं एखादं पुस्तक उघडतो, पन्नास प्रश्न उतरवून घेतो आणि झालं. पण चौथी-पाचवीच्या मुलाला बाईंनी किंवा गुरुजींनी सांगितलेलं उत्तर जन्मभर लक्षात राहतं. प्रश्नच चुकीचा असेल तर काय होतं बघा : ज्या मुलाला जास्त माहीत आहे त्याचेच गुण जातात, आणि पाठ करून आलेला जिंकतो. म्हणून प्रत्येक प्रश्न तीन चाळण्यांतून काढावा.

पहिली चाळणी : प्रश्नाला एकच उत्तर आहे का?

"ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे पहिले भारतीय कोण?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास असतो आणि अपेक्षित उत्तर असतं खाशाबा जाधव. पण १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं मिळवली होती. ते कलकत्त्यात जन्मलेले ब्रिटिश कुटुंबातले धावपटू. १९२८ साली आपल्या हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं. मग खाशाबा कसे पहिले? तर प्रश्न असा हवा : "स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?" आता उत्तर एकच. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कुस्तीत कांस्यपदक. 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक' हे दोन शब्द गाळले की प्रश्न लंगडा होतो.

दुसरी चाळणी : उत्तर तपासलेलं आहे की ऐकीव?

आपल्या कोकणातलंच उदाहरण घेऊ. "हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावर लागला?" उत्तर म्हणून मुलं 'विजयदुर्ग' असं ठोकून देतात. ऐकायला छान वाटतं, शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला किल्ला आणि त्यावर जगाचा शोध! पण तारखा नीट लावून बघू.

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होते. त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटात पाहिला. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तशाच ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. हे नवं मूलद्रव्य असावं असा तर्क निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून, 'हेलिओस'वरून, हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ साली, रॅम्झे यांना.

मग विजयदुर्गाचा काहीच संबंध नाही का? आहे! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन खरोखरच विजयदुर्गला आले होते. म्हणजे लॉकियर आले हे खरं, हेलियमशी त्यांचं नाव जोडलेलं हेही खरं, पण दोन्हींच्या मध्ये तीस वर्षं आहेत. प्रश्न असा विचारा : "पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्याच्या प्रकाशात सापडलेलं मूलद्रव्य कोणतं?" आणि जोडीला : "१८९८ चं सूर्यग्रहण पाहायला लॉकियर कोकणातल्या कोणत्या ठिकाणी आले?" किल्ल्याचा मान राहतो आणि मुलांना खरी गोष्टही कळते.

खेळांतही असंच आहे. "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" म्हटलं की सगळे हॉकी म्हणतात. पण सरकारनं कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृत दर्जा दिलेला नाही. २०१२ साली माहितीच्या अधिकारात क्रीडा मंत्रालयानंच तसं उत्तर दिलं. आणखी एक : २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन हा सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस नव्हे. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी १९२८ हा 'रामन परिणामा'च्या शोधाचा दिवस.

तिसरी चाळणी : उत्तर जुनं तर झालं नाही ना?

"ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारा एकमेव भारतीय?" जुन्या पुस्तकात अभिनव बिंद्रा असतं. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्रानं भाला फेकला आणि तो 'एकमेव' शब्द गेला. विज्ञानातही तेच. सर्वांत जास्त चंद्र शनीला की गुरूला, यावर २०२३ मध्ये काही महिन्यांतच उत्तर बदललं. मार्च २०२५ मध्ये शनीचे आणखी १२८ चंद्र मान्य झाले आणि त्याची संख्या २७४ वर गेली. असे प्रश्न टाळायची गरज नाही, फक्त प्रश्नात साल घाला.

आता तीन 'का?'चे प्रश्न

चाळून उरलेले प्रश्न बरोबर असतील, पण सगळेच पाठांतराचे नकोत. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव हे इथलं पोर झोपेतही सांगेल. पण समोरच्या समुद्रावर किती प्रश्न निघतात बघा.

प्रश्न १ : पुळणीवर क्रिकेट खेळताना आपण ओल्या, घट्ट वाळूवरच खेळपट्टी का आखतो?
उत्तर : कोरड्या वाळूचे कण सुटे असतात. चेंडू पडला की ते सरकतात, चेंडूची ऊर्जा त्यातच खर्च होते आणि चेंडू उसळत नाही. ओल्या वाळूत कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं, म्हणून पृष्ठभाग टणक राहतो.

प्रश्न २ : आज सकाळी १० वाजता पूर्ण ओहोटी, म्हणजे आपली सुकती आहे. उद्या सकाळी मॅच किती वाजता ठेवाल?
उत्तर : साधारण १० वाजून ५० मिनिटांच्या सुमारास. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

प्रश्न ३ : 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढाई करणारा त्या वेळी श्वास आत घेतो की बाहेर सोडतो?
उत्तर : बाहेर सोडतो. आपण बोलतो ते श्वास सोडताना. म्हणून तर दम सुटला की चढाई संपते. मुलांना जागेवरच करून बघू द्या, उत्तर सांगावंच लागणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात वर जातो तो ज्याच्या घरी होडी आहे त्याचा. एरवी प्रश्नमंजूषेत मागे बसणारं हे पोर त्या दिवशी गटाला गुण मिळवून देतं.

स्पर्धा कशी घ्याल?

प्रत्येक गटात तिसरी ते पाचवीची मुलं मिसळून घ्या. एकट्या हुशार मुलांचा गट करू नका. बरोबर उत्तराला दोन गुण द्या, आणि कारण सांगितलं तर आणखी एक. शेवटचा नियम फळ्यावरच लिहून ठेवा : "उत्तर पटलं नाही तर हरकत घेता येईल." हरकत घेणाऱ्यानं पुस्तक किंवा पुरावा दुसऱ्या दिवशी आणायचा. हरकत खरी ठरली तर त्याच्या गटाला पाच गुण, आणि तो प्रश्न दुरुस्त करून वहीत लिहायचा. पुढच्या वर्षी त्याच वहीतून सुरुवात करा.